किती तासांचा खेळ?

व्हिडिओ गेमची किंमत विचारून झाली की पाठोपाठ 'किती तासांचा?' असा प्रश्न येतो. आम्हां मराठीच्या अध्यापकांना हा प्रश्न परका वाटत नाही. आपल्याकडेही प्रकाशक फर्म्यांचा हिशेब मांडतो, गिऱ्हाईक किमतीला पानांनी भागून पाहते आणि समीक्षक जाडजूड कादंबरीसमोर नकळत अदबीने उभा राहतो. नेमाड्यांनी लघुकथेला कादंबरीच्या तुलनेत गौण ठरवले, तो वाद आमच्या वर्गांतून अजून विझलेला नाही. उलट, एडगर ॲलन पो यांनी १८४६ साली मांडले होते की, एका बैठकीत न संपणारी कृती परिणामाची एकात्मता गमावते. खेळांपुरते पाहता आम्हांला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

'जर्नी' (२०१२) हा खेळ साधारण दोन तासांत संपतो. वाळवंट तुडवत दूरच्या डोंगराकडे जायचे, एवढाच त्याचा विषय. वाटेत एखादा अनोळखी खेळाडू भेटतो. त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त सुरांची साद घालता येते. हा सहवास वीस तास लांबता तर त्याची सवय झाली असती.

'शॅडो ऑफ द कलोसस' (२००५) मात्र नेमका पुनरावृत्तीवर उभा आहे. मृत मुलीला परत आणण्यासाठी नायकाने सोळा महाकाय प्राणी मारायचे. त्यांच्याखेरीज शत्रू असे नाहीतच. पहिला वध पराक्रम वाटतो. पुढे नायकाची कांती फिकी पडत जाते आणि आपला हात जड होत जातो. चारच वधांत हे अपराधीपण साचले नसते.

लांबी कमावलेली आणि लांबी भरलेली, हा भेद 'द विचर ३' (२०१५) या एकाच खेळात दिसतो. मुख्य कथेलाच पन्नासेक तास लागतात. त्यातील ब्लडी बॅरनच्या घराची वाताहत एखाद्या चांगल्या दीर्घकथेच्या तोलाची आहे. आणि त्याच खेळात स्केलिगेच्या समुद्रात विखुरलेला चोरटा माल गोळा करत तासन् तास होडी हाकता येते. कादंबरीतले कंटाळवाणे प्रकरण चाळता येते. खेळात असे चाळणे सहसा शक्य नसते. भरताडाचा प्रत्येक क्षण खेळणाऱ्याला स्वतःच्या हातांनी वाहावा लागतो.

तरीही तासांचा हिशेब करणाऱ्याला हिणवणे आम्हांला जमत नाही. खानावळीच्या पैशांतून वाचवून वर्षाकाठी एखादा खेळ घेणारा विद्यार्थी तो महिनोन्‌महिने पुरावा असे म्हणतो, तेव्हा त्यात अरसिकता नसते. मात्र हाच हिशेब बाजाराचा नियम झाला की लहान कृतीची कोंडी होते. 'स्टीम' या विक्रीमंचाने २०१५ साली परताव्याचे धोरण आणले: खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि खेळणे दोन तासांच्या आत असेल, तर पैसे परत. ग्राहकाच्या दृष्टीने हे न्याय्यच; पण दीड तासाचा खेळ पुरता अनुभवूनही परत करता येतो. दुकानात उभ्याने कथासंग्रह संपवून तो फळीवर ठेवून द्यावा, तसे हे झाले.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) चार-पाच तासांचा आहे. पळवून नेलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची ही कथा. ती तोकडी असल्याची तक्रार झाली. आमच्या मते तिथे तास कमी पडलेले नाहीत. शोध जिथे अर्थाला भिडायचा तिथेच कथा थबकते. लहान असणे वेगळे आणि अपुरे असणे वेगळे. हा फरक तासांत मोजता येत नाही, त्यासाठी समीक्षाच लागते.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवून रात्री उरणारा तास आता चाळिशीत आम्हांला मोजून मिळतो. त्यामुळे खेळ किती वेळ देतो यापेक्षा घेतलेल्या वेळेचे तो काय करतो, हेच आम्ही आधी विचारतो.