बिनटाळाचा

भजनी मंडळात प्रत्येकाच्या हाती काही ना काही असायचं. कुणाकडे वीणा, कुणाकडे पखवाज, बुवांपुढे पेटी, उरलेल्यांकडे टाळ. टेप तेवढा रिकामा. देवळाच्या खांबाला टेकून, बुवांच्या डाव्या अंगाला बसायचा. सप्ताहाचे सातही दिवस जागा तीच. लाल बटणासोबत दुसरं दाबलं, की मुकाट कामाला लागायचा.

राबायचा तो घरी राहिलेल्यांसाठी. मुदखेडात मोगरा तोडायचा तो उजाडायच्या आत, म्हणजे नेमका काकड्याच्या वेळी. फुलवाले तेव्हा मळ्यात. शिवाय बाळंतिणी, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, रातपाळीचे रेल्वेवाले. जंक्शनचं गाव, एक रूळ निजामाबादकडे, एक किनवट-आदिलाबादकडे. दोन्हीकडे लेकी दिलेल्या. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशवीतून कॅसेट सासरी पोचायची.

स्वभावानं टेप भिडस्त. आवाजाची पातळी त्याची तोच ठरवी. टाळ भरात आले की दबून जाई, अन् त्याच्या पायी पखवाजही गडप. बुवा थांबले, की मात्र कान टवकारून कोपरे धुंडाळी. कुणाचा खोकला, बांगड्या, लेकराचं रडं, स्टेशनावरची शिट्टी, सगळं गोळा. बुवा चिडायचे, "मी इथं घसा फोडतो, अन् हा गाडी ऐकत बसतो!"

घरच्यांना तर तेच हवं असायचं. अभंग सगळ्यांना पाठ. ते ऐकायला टेप कशाला? खोकला ऐकून आजी सांगायची, "आज धाकटे काका आलते बघ देवळात." शिट्टी आली की किनवटची लेक हातातलं काम थांबवायची. फिलिप्सनं 1963 साली ही कॅसेट आणली ती मुख्यतः माणसांचं बोलणं टिपायला. गाणं तिच्या वाट्याला पुढं आलं. आमच्या टेपनं मूळ धंदा सोडला नव्हता, इतकंच.

खोडीही होत्या. लाइट गेली की तो सेलवर चाले. सेल उतरले, की फिरणं मंदावे, पण भरताना कुणाला कळत नसे. घरी लाइटवर लावली, की तीच कॅसेट धावत सुटे अन् साठीतले बुवा बारीक आवाजात लगबगीनं गाऊ लागत. "बुवा, काल नातवाला बसवलंतं का पेटीवर?" "सेल बदला की ओ!"

साठ मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू तीस मिनिटांत संपायची, कीर्तन दोन तासांचं. ऐन रंगात खट्! पुढं पुढं कीर्तनकारच शिकले. खट् ऐकलं, की बाजू पालटेपर्यंत विठ्ठलनामाचा गजर धरायचा.

कोऱ्या कॅसेटीला पैसे नसले, की सिनेमाची जुनी घ्यायची, कडेची खाच कागदाच्या बोळ्यानं बुजवायची अन् वरून हरिपाठ भरायचा. हरिपाठ संपला, की पुसायचा राहिलेला सिनेमा डोकं वर काढी. जयजयकार, क्षणभर खरखर, अन् एकदम नायक प्रेमात.

मग मोबाइल आले, टेप माळ्यावर गेला. 2020 सालच्या आषाढीला पायी वारी नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. देवळाला कुलूप. मंडळानं घरोघरून व्हिडिओ कॉलवर भजन करून पाहिलं. मोबाइल शहाणा, टाळाला गोंगाट समजून गाळूनच टाकायचा. शेवटी कुणीतरी माळ्यावरच्या कॅसेटी उतरवल्या अन् दुकानातून चिपवर भरून आणल्या.

आमच्याकडेही लावली. पखवाज तसाच दबलेला, शिट्टी तशीच ठणठणीत. धाकटे काका जाऊन बारा वर्षं झाली होती. ते दोनदा खोकले. हरिपाठ संपला, जयजयकार झाला. पोरगं बंद करायला उठलं.

"थांब रे लेकरा," आजी म्हणाली, "अजून ते यायचंय."

खरखर झाली अन् नायक आला.