आजींच्या खोलीतला फोटो कोणत्या कागदावर छापावा?

तुम्ही म्हणाल, रक्तदाब-मधुमेहावर लिहिणारा डॉक्टर एकदम फोटोच्या कागदाकडे कसा वळला? कारण साधं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण जाऊ लागली की मी नातेवाईकांना सांगतो, जुने फोटो शोधा, मोठे करून घ्या, त्यांच्यासमोर लावा आणि त्यावर बोला. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, छापायचे कशावर? स्टुडिओवाला म्हणतो ग्लॉसी चांगला, मुलगा म्हणतो फाइन आर्ट पेपर घ्या, तो महाग आहे म्हणे." दवाखान्यात याचं पूर्ण उत्तर द्यायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी फोटो कशासाठी, ते बघू. स्मृतिभ्रंशात आधी जाते ती अलीकडची आठवण. सकाळी चहा घेतला का ते आठवत नाही, पण लग्नात वऱ्हाड तरीतून आलं होतं हे लख्ख आठवतं. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये लिहिलं की म्हाताऱ्यांनी मागचं आठवत बसणं हा आजार नाही, ती एक नैसर्गिक आणि उपयोगी गोष्ट आहे. पुढे त्यातूनच आठवणींवर आधारित उपचारपद्धती आली. या पद्धतीचा फायदा होतो, पण तो थोडा होतो आणि सगळ्यांना सारखा होत नाही. मन:स्थिती जरा सुधारते, बोलणं वाढतं. गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही, हे मी प्रत्येक नातेवाईकाला आधीच स्पष्ट सांगतो.

आता अंजनवेलचं एक घर. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं हे गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना गोपाळगडामुळे किंवा दीपगृहामुळे माहीत असेल. समोर खाडीपलीकडे दाभोळ. या घरातल्या आजींना तीन-चार वर्षं विसर पडतोय. मुंबईच्या मुलाने आजोबांचा तरुणपणीचा फोटो हौसेने मोठा करून आणला. चकचकीत कागद, वरून लॅमिनेशन, त्यावर काच. लावला माजघरात, पडवीच्या दारासमोर. आठवड्याभरात सुनेचा फोन आला, की आजी संध्याकाळ झाली की घाबरतात, भिंतीकडे बोट दाखवून म्हणतात, "तो कोण बसलाय तिथं? त्याला बाहेर जायला सांग."

अशा वेळी डॉक्टरने आधी फोटोचा विचार करायचा नसतो. लघवीचं इन्फेक्शन, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, यातल्या कशानेही म्हातारं माणूस अचानक गोंधळतं. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत नसलेली माणसं दिसतात. नजर फार कमी झालेल्या, पण डोकं शाबूत असलेल्या लोकांनाही असे भास होतात. तुमच्या घरात असं काही अचानक सुरू झालं तर आधी डॉक्टरांना दाखवा, भिंतीवरचं चित्र मग बघू. आजींच्या तपासण्यांत काही निघालं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू मात्र होता. आणि मी संध्याकाळी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं तर त्या फोटोत आजोबा दिसतच नव्हते. दारातून येणारा तिरका उजेड, वर लावलेला बल्ब आणि खुर्चीत बसलेल्या माणसाची स्वतःची आकृती, एवढंच त्या काचेत होतं.

याचं कारण डोळ्यात आहे. वयानुसार बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर आणि गढूळ होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मोतीबिंदू असेल तर आत शिरलेला प्रकाश विखुरतो. समोरून गाडीचा दिवा आला की चष्म्याच्या धुळकट काचेवर जसं सगळं पांढरं होतं, तसंच. म्हणजे म्हाताऱ्या डोळ्याला उजेड जास्त लागतो, पण चकाकी अजिबात सोसत नाही. त्यात स्मृतिभ्रंश असेल तर "हे माझंच प्रतिबिंब आहे" हा हिशेब मेंदूला जमत नाही. आरशात अनोळखी बाई बसली आहे अशी तक्रार तुम्ही कुणाच्या तरी घरी ऐकली असेल. चकचकीत फोटो हा अर्धा आरसाच असतो.

म्हणून माझं पहिलं उत्तर, भिंतीवरच्या फोटोसाठी मॅट कागद. स्टुडिओवाला सांगेल की मॅटवर काळा रंग तेवढा गडद उठत नाही, आणि तो खरंच सांगतोय. ग्लॉसीवरचा काळा जास्त खोल दिसतो. पण तो फरक तुम्हाला-मला दिसतो, मोतीबिंदूच्या डोळ्याला चकाकीत तो काळा दिसतच नाही. त्याऐवजी छापण्याआधी फोटो थोडा उजळ करायला सांगा आणि चेहऱ्याभोवतीचा पसारा कापून टाका. बसायच्या जागेवरून चेहरा तळहाताएवढा तरी दिसला पाहिजे. जुन्या फोटोला तपकिरी छटा द्यायची फॅशन आहे, ती या कामासाठी नको. त्यात काळ्या-पांढऱ्यातला फरक पुसट होतो.

दुसरा मुद्दा कागदाच्या पांढरेपणाचा. दुकानात दोन नमुने शेजारी ठेवले तर आपण हमखास जास्त पांढरा निवडतो. हा पांढरेपणा बऱ्याचदा कपड्यांच्या निळीसारखा असतो. कागदात असं रसायन घालतात की ते न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. गंमत अशी की म्हातारपणी पिवळं झालेलं भिंग नेमका निळा उजेडच अडवतं. म्हणजे ज्यांच्यासाठी फोटो छापायचा त्यांना हा जादा पांढरेपणा फारसा पोचतच नाही. शिवाय हे रसायन उजेडात राहून काही वर्षांत कमकुवत होतं आणि कागद पिवळट दिसू लागतो. ते आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा बाजारात कुणाकडे तरी असतोच. त्याखाली नमुन्याचा तुकडा धरा. निळा चमकला तर रसायन आहे. खरी नोट धरून बघा, तिचा कागद असा चमकत नाही, फक्त त्यातले धागे आणि आकडे चमकतात.

नोटेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपली नोट लाकडाच्या लगद्याची नसते, कापसाची असते. फाइन आर्ट कागदातला "कॉटन रॅग" म्हणजे तीच जात. साध्या वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, त्यामुळे तो उन्हात महिन्याभरात पिवळा पडून कडकडीत होतो. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद अडीचशे-तीनशे वर्षांनी आजही उलगडता येतात, त्याचं मोठं श्रेय चिंध्यांपासून हाताने केलेल्या कागदाला आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही त्या कागदाची आपली जुनी गावं. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथे कापडाच्या कातरणीचा कागद होतो. हे वाचून कुणी तो कागद आणून घरच्या प्रिंटरमध्ये घालेल, म्हणून सांगतो, तसं करू नका. इंकजेटसाठीच्या कागदावर शाई धरून ठेवणारा खास थर दिलेला असतो. तो नसेल तर शाई पसरते आणि चेहरा फिसकटतो.

अशा थराचे कापसाचे कागद मिळतात ते बहुतेक परदेशी कंपन्यांचे. जर्मनीच्या हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८ जीएसएमचा, फ्रान्सच्या कॅन्सनचा रॅग फोटोग्राफिक २१० आणि ३१० जीएसएमचा. आपला झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा असतो, त्यावरून जाडीचा अंदाज येईल. जाड कागद घेण्यात प्रतिष्ठेचा भाग किती आणि गरजेचा किती हे बघा. फ्रेममध्ये जाणाऱ्या मध्यम आकाराच्या फोटोला २१० पुरतो. कंपनीच्या नावापेक्षा मी तीन गोष्टी विचारीन: पूर्ण कापूस आहे का, आम्लरहित आहे का, चमक आणणारं रसायन नाही ना. शाई पिगमेंटचीच हवी. डाय शाई उजेडाने आणि हवेतल्या वायूंनी लवकर उडते.

इथवरचं मुंबई-पुण्यालाही लागू आहे. अंजनवेलला अडचण हवेची आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडे जुलैत त्याच्या खाली ती क्वचितच येते. कापसाचा कागद ओलावा पितो आणि लाटा येतात. त्याला चारही बाजूंनी चिकटपट्टीने जखडू नका, फक्त वरच्या कडेला टांगता धरा, म्हणजे फुगायला-आकसायला जागा राहते. काच असेल तर काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घाला. काचेला टेकलेला फोटो पावसाळ्यात तिथेच चिकटतो. जांभ्याच्या भिंतीला फ्रेम थेट टेकवू नका, मागे चारही कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावा, हवा खेळू द्या. पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा.

काच लावावी का? उदबत्तीचा धूर, झुरळं, पाली, मिठाचा वारा हे सगळं पाहता मी लावा म्हणेन. मग चकाकीचं काय? चकाकी कमी करणारी काच मिळते, महाग असते. त्याआधी आपल्या आजोबांच्या पिढीची युक्ती करा. जुन्या घरांत ओटीवर फोटो दोरीने टांगून वरून पुढे झुकवलेले असत, आठवतात? तसा झुकवला की दिव्याचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यात न येता खाली जमिनीकडे जातं. फुकटातला उपाय आहे. आजींच्या घरी आम्ही मॅट कापसाचा नवा फोटो घेतला, दारासमोरची भिंत बदलली, फ्रेम झुकवली आणि संध्याकाळचा दिवा फोटोच्या वर न ठेवता बाजूला नेला. घाबरणं दोन-तीन दिवसांत थांबलं. आजोबांना त्या नेहमी ओळखतात असं नाही. कधी "आमचे हे", कधी "माझा भाऊ". पण बघतात, हसतात, गोपाळगडाच्या तटावर आंबे खाल्ल्याचं सांगतात. यात कागदाचा वाटा किती आणि भिंतीचा किती, ते वेगळं करून सांगता येणार नाही.

हातात घ्यायच्या फोटोसाठी मात्र माझं मत उलटं आहे. मॅट कापसाच्या कागदावर बोटांचे डाग आणि ओरखडे चटकन पडतात. मांडीवर घेऊन पाहायला, गालाला लावायला साधा लस्टर कागदच घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पापुद्रा असतो, घामाला आणि दमट हवेला तो बरा टिकतो, स्वस्तही असतो. खाली ठळक अक्षरांत नाव आणि नातं लिहा. खराब झाला तर दुसरा छापा. मूळ जुना फोटो त्यांच्या हातात देऊ नका, त्याची प्रत आधी करून ठेवा.

ती प्रत काढायला माळ्यावरचा अल्बम उघडाल तेव्हा एक काळजी घ्या. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो आणि बुरशीला तो आवडतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्याने तो अल्बम खोलीत झटकू नये. एन-९५ मास्क लावा, अंगणात किंवा पडवीत उघडा, मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. ओल्या फडक्याने पुसलात तर चेहराच फडक्यावर येईल. चिकटपानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. लाल पडलेल्या जुन्या रंगीत फोटोत निळी-हिरवी छटा देणारा रंग उडालेला असतो, तो संगणकावर बराचसा परत आणता येतो.

आणि आजी-आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर मोठा खर्चिक फोटो त्यानंतरच छापा. नवं भिंग बसलं की काही दिवस सगळंच निळसर आणि फार उजळ दिसतं. त्या दिवसांत "फोटोचा रंग बिघडला" अशी तक्रार आली तर स्टुडिओवाल्याशी भांडायला जाऊ नका, महिनाभर थांबा.