मरुभूमींतील होले

पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब देण्याकरितां, असें आम्ही लहानपणीं शिकलों, आणि पुढें तीस वर्षें वर्गांत मुलांनाहि तेंच शिकविलें. निवृत्तीनंतर, २०१९ सालच्या जून महिन्यांत, आम्ही अमेरिकेंत टूसॉन शहरीं मुलीच्या बिऱ्हाडीं होतों, तेव्हां ही विद्या अपुरी पडली.

टूसॉन हें सोनोरा मरुभूमींत वसलें आहे. मरुभूमि म्हणजे नुसती वाळू, ही आमची आणखी एक समजूत. तेथें तर साग्वारो नांवाच्या तीस-चाळीस फूट उंच निवडुंगांचें रानच उभें होतें! वसंत ऋतूंत मेक्सिकोकडून पांढऱ्या पट्ट्याच्या पंखांचे होले येथें विणीसाठीं येतात. साग्वारोच्या फुलांतील मध व फळांतील लाल गर हें त्यांचें अन्न. गर रसाळ खरा, तरीहि सकाळ-सायंकाळ त्यांचे थवे गुरांच्या हौदाकडे जात. चिमणी घोट घेऊन मान वर करते. होला मात्र चोंच बुडवून एकसारखें पाणी ओढून घेतो. वाचकहो, अवश्य पाहा. आपल्याकडचा होलाहि असाच पितो.

मागील दारच्या झाडावर एका जोडप्यानें चार काटक्यांचें घरटें केलें होतें. रात्रीं मादी बसे, दिवसा नर. एके दिवशीं भर दुपारीं आम्हांस दुर्बुद्धि सुचली व आम्ही स्टुलावर चढून आंत डोकावलों. नर फडफडत उडाला. पांढुरकीं दोन अंडीं उघडीं पडलीं. पारा १०० अंशांपलीकडे होता.

"बाबा, आधीं खालीं उतरा!" मुलगी दारांतून ओरडली. "तो ऊब देत नव्हता, गार ठेवीत होता!"

खिडकीआड उभें राहून तिनें सांगितलें, तें असें : कातडींतून पाणी वाफेच्या रूपानें बाहेर टाकून होला आपलें अंग भोंवतालच्या हवेहून थंड राखतो, आणि पोटाखालील अंड्यांची उष्णता स्वतःकडे ओढून घेतो. हौदाकडील फेऱ्यांचा अर्थ आम्हांस तेव्हां उमगला. आम्ही घड्याळाकडे पाहत होतों. नर अठरा मिनिटांनीं परतला.

पुढील आठवड्यांत एक पिल्लूं बाहेर आलें. दुसरें अंडें फुटलें नाहीं. "कशानेंहि असेल, बाबा," मुलगी म्हणाली. आम्ही कांहीं बोललों नाहीं. आमचें विमान निघालें त्या सकाळीं नर हौदाकडून येऊन घरट्यावर बसला होता.