मुलूखमैदान: परंडा ते विजापूर

नकाशावर परंडा ते विजापूर सरळ रेघ मारली, तर अंतर साधारण १६० किलोमीटर भरतं. आभाळात वेग घेतलेल्या विमानाला एवढ्यासाठी बारा-पंधरा मिनिटं पुरतात. मुलूखमैदान तोफ मात्र ही वाट जमिनीवरून चालली, आणि तिच्या चालीपुढे माणसं आणि जनावरं कामाला लागली.

तिचा जन्म अहमदनगरचा, १५४९ सालचा. बुऱ्हाण निजामशाहाच्या अमदानीत मुहम्मद बिन हसन रूमी याने तिला ओतलं. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन ५५ टनांच्या घरात, आणि नळीचं तोंड एवढं रुंद की आत माणूस बसावा. हे तोंड जबडा वासलेल्या सिंहाचं आहे आणि त्याच्या दातांखाली हत्ती चिरडला जातो आहे. मानी, दणकट, कुणाची भीड न ठेवणारी अशी ही बाई. भर उन्हातही अंग थंड राहतं आणि टिचकी मारली तर घंटेसारखा नाद देते, असं तिला भेटून आलेले सांगतात.

अहमदनगरहून ती परंड्याच्या भुईकोटात आली. त्या काळी परंडा आडबाजूचं गाव नव्हतं. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवून कारभार सुरुवातीला इथूनच चालवला. पण निजामशाही खचत गेली आणि १६३२ साली आदिलशाहीचा मुरार जगदेव तोफेला विजापूरला घेऊन गेला.

तिला ओढायला ४०० बैल आणि १० हत्ती लागले, असं परंपरा सांगते. जिच्या जबड्यात हत्ती चिरडला जातो, तिला जागची हलवायलाही हत्तीच हवेत, हा तिचा स्वभाव. वाटेत काळी माती आहे. एका पावसात ती चाक असं धरते की रिकामी गाडीही निघत नाही. पुढे भीमा आहे, आणि भीमा ओलांडल्याशिवाय परंड्याकडून विजापूर येत नाही. चाकाखाली फळ्या सारायच्या, चढावर खांदा द्यायचा, उतारावर दोर धरून मागे ओढायचं. अंतर किती, हे कोसांवरून ठरत नाही. काय न्यायचं आहे आणि कोण ओढणार आहे, यावर ठरतं.

विजापूरच्या शेर्झा बुरुजावर ती बसली ती बसलीच. १६८६ साली औरंगजेबाने शहर जिंकलं. त्याने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरवला, पण तिला हलवलं नाही. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव काढला. बोली आली १५० रुपये. सुदैवाने तो व्यवहार पुरा झाला नाही.

परंड्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत; त्या जरूर बघा. मग कधी विजापूरला जाल तेव्हा मुलूखमैदानीवरचे लेखही नीट बघा. त्यांत ओतणाऱ्याचं नाव आहे, निजामशाहाचं आहे, औरंगजेबाचं आहे. तिला परंड्याहून ओढत नेणाऱ्यांपैकी एकाचंही नाही. तिथे उभे राहाल तेव्हा त्या माणसांची आठवण तुम्ही ठेवा.