कर्णा घरात आणताना

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, पण कानाचं यंत्र लावायला ते तयार नाहीत. आपल्या बडोद्याचे दरबारी गायक उस्ताद फैयाज खाँ यांची एलपी लावली की बाबा आवाज वाढवत जातात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते. मी इंजिनिअर, म्हणून उपाय माझ्या गळ्यात.

आधी एका जुन्या सिनेमागृहातून निघालेला कर्ण्याचा स्पीकर पाहिला. दणदणीत! पण आमच्या दांडिया बाजारच्या घरात तो आणला असता तर सोफा बाहेर काढावा लागला असता. शेवटी क्लिप्श कंपनीची जुनी ‘हेरेसी’ जोडी घेतली. हे डिझाइन मूळचं १९५७ सालचं. खर्जासाठी साधा वूफर, मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी कर्णे. कर्ण्यामुळे थोड्या वॅटमध्ये भरपूर आवाज मिळतो. दहा डेसिबलचा फरक असेल तर दहावा हिस्सा वॅट पुरतात. मला मात्र महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच : कर्णा आवाजाला दिशा देतो. तोंड बाबांच्या खुर्चीकडे केलं की स्वयंपाकघरात कमी जातो.

घेताना मल्टिमीटरने सगळे ड्रायव्हर तपासले, एकच गाणं दोन्ही बाजूंनी आलटून पालटून ऐकलं. जुन्या जोडीत एका बाजूचं काहीतरी बदललेलं असू शकतं. (किंमत आईला अर्धीच सांगितली आहे.)

पहिल्या रात्री बाबा डोळे मिटून बसले. मध्येच म्हणाले, “ही टकटक कसली? रेकॉर्डवर चरा तूच पाडलास ना, चौथीत असताना?”