गोदी, गिरणी आणि सामाईक वर्कशॉप

"सोलापूरचा माणूस नेव्हीत काय करतो हो?" हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. प्रश्न बरोबरच आहे म्हणा! आमच्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, नाहीतर नळाला कधी येणार याची वाट बघायची ती उजनीची पाइपलाइन. समुद्र आम्ही शाळेच्या भूगोलात पाहिला. त्यामुळे १९८२ साली मी नौदलात आर्टिफिसर म्हणून भरती झालो तेव्हा आमच्या गल्लीत दोन-तीन दिवस तोच विषय होता.

पण खरं सांगू का, सोलापूर आणि जहाजं यांचा संबंध माझ्यापेक्षा फार जुना आणि फार मोठा आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात केलेल्या या माणसाने १९१९ मध्ये इतर तिघांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून ५ एप्रिल हा आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पुढे नुसती जहाजं चालवून भागेना, ती बांधायला हवीत, म्हणून त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभारायला घेतला. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. तिथलं पहिलं मोठं जहाज 'जलउषा' १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. तोच कारखाना पुढे सरकारकडे जाऊन हिंदुस्थान शिपयार्ड झाला आणि २०१० पासून तो संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तेव्हा आता कुणी विचारलं की मी सांगतो, "बाबा रे, मी काही नवीन केलेलं नाही."

असो. आज लिहायचं आहे ते वेगळंच. नौदलात काय शिकलास, असं विचारलं तर लोकांना तोफा, लाटा, परदेशी बंदरं असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी शिकलो ती गोष्ट फार रुक्ष आहे. कुठलं काम जागेवर करायचं आणि कुठलं एका मध्यवर्ती ठिकाणी न्यायचं, ते मी शिकलो. हसू नका. सध्या आमच्या सोलापुरात याच एका प्रश्नावर घराघरांत भांडणं चालली आहेत!

आधी नौदलाचं सांगतो. जहाजावर काही बिघडलं की पहिली पाळी जहाजावरच्याच माणसांची. लोणावळ्याच्या आय.एन.एस. शिवाजीत आम्हाला इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळालं ते त्यासाठीच. पंपाचं ग्लँड पॅकिंग बदलणं, व्हॉल्व्ह घासून बसवणं, फिल्टर साफ करणं, ही कामं समुद्रात असतानाच करायची. तेवढ्याने भागलं नाही तर बंदरात आल्यावर ताफ्याची दुरुस्ती तुकडी येते. तिच्याकडे जास्त हत्यारं आणि जास्त माणसं. आणि त्याच्याही पलीकडचं काम असेल तर गोदी. जहाज सुक्या गोदीत घ्यायचं, गेटं बंद करून पाणी उपसायचं, ठोकळ्यांवर बसलेल्या जहाजाचा तळ खरवडायचा, खाल्लेले पत्रे बदलायचे. मुंबईची गोदी या बाबतीत जुनी जाणती. ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना १७३६ मध्ये मुंबईला आणलं ते त्यांच्या हातातल्या कसबासाठीच. त्या घराण्याने पुढे बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' (१८१७) इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे.

काही कामं तर अशी असतात की प्रत्येक गोदीतसुद्धा त्यांची सोय करणं परवडत नाही. गॅस टर्बाइनचंच घ्या. जहाज चालवणारं हे यंत्र वर्षानुवर्षं चालतं, पण काही हजार तासांनंतर ते जहाजातून उचलून पूर्ण उघडावं लागतं. त्याची सगळी पाती तपासायची, तोल साधायचा आणि मग पुन्हा जोडून चाचणीच्या चौकटीवर पूर्ण वेगाने चालवून बघायचं. ती चौकट, तिचं इंधन, आवाज अडवणाऱ्या भिंती, मोजमापाची यंत्रं, हे सगळं प्रत्येक बंदरात कोण उभं करणार? म्हणून विशाखापट्टणमला आय.एन.एस. एक्सिला आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजाचं टर्बाइनसुद्धा तिथे जातं. यातली बरीच टर्बाइन मुळात युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहरात बनलेली. २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटलं तेव्हा, दुरुस्तीचं ज्ञान आपल्या घरात असण्याची किंमत काय असते ते पेपर वाचणाऱ्या कुणालाही कळली असेल.

किनाऱ्यावरचाही एक मोठा संसार असतो, तो बाहेरच्यांना दिसत नाही. धक्के, क्रेन, पाण्याच्या टाक्या, वीज, क्वार्टर्स, दवाखाने. या इमारती आणि सोयी बघायला एम.ई.एस. म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, १९२३ पासून. ती एकट्या नौदलाची नाही, तिन्ही सेनादलांची आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजाला वीज देणं ही साधी गोष्ट वाटते ना? पण आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आणि बऱ्याच युद्धनौकांची ६० हर्ट्झची. मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि त्याची नाडी ओळखणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. धक्क्याच्या पोलादी खांबांना समुद्राचं पाणी खातं, म्हणून त्यांना जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे तुकडे जोडतात. पाणी आधी ते तुकडे खातं आणि पोलाद वाचतं. तुकडा किती, कुठे आणि कधी बदलायचा, हे एक वेगळंच शास्त्र आहे. अशी माणसं दहा बंदरांत दहा ठेवली तर दहाहीजण वर्षातले अकरा महिने बसून राहतील आणि हात गंजून जातील. त्यापेक्षा दोघं-तिघं एका ठिकाणी ठेवा आणि गरज पडेल तिथे धाडा. दहा बंदरांचे खांब पाहिलेल्या माणसाला अकराव्या बंदरात काय होणार ते आधीच कळतं. सगळ्या व्यवस्थेमागचं तत्त्व एवढंच आहे.

पण याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एका तळावर (नाव नको) एका क्रेनच्या वार्षिक भारचाचणीची तारीख उलटली. चाचणी करणारी माणसं दुसऱ्या शहरातून यायची होती आणि ती दुसरीकडे अडकली. क्रेन ठणठणीत होती, तिचा चालक तिला पोटच्या पोरीसारखा ओळखत होता, पण कागदाशिवाय हूक हलवायचा नाही. नियम योग्यच होता. तरीही आम्ही तीन आठवडे तिच्याकडे बघत बसलो. त्याहून वाईट गोष्ट अशी, की अशा दोन-चार अनुभवांनंतर जागेवरची माणसं स्वतः बघायचंच सोडून देतात. "येतील की तज्ज्ञ लोक" म्हणायची सवय लागते. यंत्राशी रोज राहणाऱ्या माणसाचा कान गेला की बाहेरून आलेला तज्ज्ञ तरी काय करणार?

कान म्हटलं की मला आमचे अण्णा आठवतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणीचं वर्कशॉप ही गोष्ट आजच्या मुलांना सांगून खरी वाटणार नाही. सूतखातं, विणाईखातं, बॉयलर, सगळ्यांचं बिघडलेलं तिथे यायचं. लेथ, शेपर, गिअर कापायचं मशीन, छोटी भट्टी, सगळं एका छपराखाली. अण्णा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. लहानपणी डबा घेऊन गेलो की मलाही ऐकायला लावायचे. "का बे, गोळी फुटल्याचा आवाज ऐकू येत नाही का तुला?" मला कधीच यायचा नाही. पुढे नौदलात कंपन मोजायची यंत्रं हातात आली तेव्हा कळलं, ती यंत्रं जे सांगतात ते अण्णांचा कान आधीच सांगायचा.

नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. कामगारांच्या देण्यांबद्दल लोक बोलले, अजून बोलतात. वर्कशॉपबद्दल मात्र कुणी बोललं नाही. गिअर कापायचं मशीन भंगारच्या भावाने गेलं. अण्णा दोन महिने घरात भिंतीकडे बघत बसले होते, असं आई सांगायची. मग हळूहळू पूर्व भागातले यंत्रमागवाले लुना घेऊन दारात यायला लागले. कुणाचा क्रँक शाफ्ट, कुणाची डॉबी, कुणाच्या सायझिंगचा बॉयलर. गावातलं मध्यवर्ती वर्कशॉप आता आमच्या ओट्यावर होतं आणि त्यात एकच माणूस होता! तेलुगू, मराठी, कानडी, तिन्ही भाषांत अण्णांना हाका यायच्या. त्या सात-आठ वर्षांत ते गिरणीत होते त्याहून खूश होते, असं मला सुट्टीवर आल्यावर वाटायचं.

मग त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. माणसं येत राहिली. तुटलेला भाग अण्णांच्या मांडीवर ठेवत, अण्णा डाव्या हाताने त्यावरून बोट फिरवत आणि डोळ्यांत पाणी आणत. काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. सांगता येत नव्हतं आणि लिहिलेलं काही नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी एक वही ठेवली नव्हती, कारण त्यांना ती ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं. नौदलात मात्र पंपाचा नट बदलला तरी नोंद. कधी, कुणी, का, किती तासांनंतर. तरुणपणी त्या नोंदींचा मला मनस्वी कंटाळा होता. अण्णांच्या खाटेजवळ बसलो तेव्हा त्यांची किंमत कळली.

आता सध्याचं भांडण सांगतो. माझ्या पुतण्याचे अक्कलकोट रोड एम.आय.डी.सी.त सोळा माग आहेत, टॉवेलचे. त्याच्यासारखे पंचवीस-तीस जण मिळून एक सामाईक सुविधा केंद्र काढायचं म्हणताहेत. सरकारी क्लस्टर योजनेतून मोठा वाटा अनुदानाचा, बाकी सभासदांचा. लेथ, गिअर कापायचं मशीन, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे बोर्ड तपासायची सोय आणि बॉयलर बघणारा एक जाणकार माणूस. पुतण्याचं म्हणणं, "काका, त्या केंद्रात रांगेत उभं राहायचं, वर चेअरमनच्या माणसाचं काम आधी होणार. त्यापेक्षा मी माझा सेकंडहँड लेथ घेतो." त्याच्या बायकोचे दागिने गहाण पडणार आहेत, एक तर लेथसाठी नाहीतर केंद्राच्या वाट्यासाठी. म्हणजे हा नुसता चर्चेचा विषय नाही.

त्याचं भय खोटं नाही. सामाईक म्हणजे कुणाचंच नाही, हे आपण सहकारात पुष्कळदा पाहिलंय. पण सोळा मागांना लेथ महिन्यातून कितीदा लागणार? उरलेले दिवस तो धूळ खाणार आणि चालवणारा माणूस पगार. शिवाय लेथने बॉयलर कळत नाही. बॉयलरसाठी इंग्रजांनी १९२३ सालीच कायदा केला आणि २०२५ मध्ये संसदेने नवा केला, तो काही उगाच नाही. त्याची चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

मी बैठकीत एवढंच म्हणालो. नौदलासारख्या पायऱ्या करा. तेल, पट्टा, धोटा, पिकर हे ज्याचं त्याने आपल्या शेडमध्ये बघायचं, त्यासाठी केंद्राकडे यायचंच नाही. आलं तर परत पाठवा आणि जॉबरला शिकवा. जे वर्षातून एकदा-दोनदा लागतं आणि महाग आहे, तेवढंच केंद्रात. कामाचा क्रम भिंतीवर फळ्यावर लिहा, चेअरमनचा मागसुद्धा त्याच रांगेत. केंद्राच्या माणसाने दर महिन्याला प्रत्येक शेडमध्ये एक फेरी मारायची, काही बिघडलेलं नसलं तरी. आणि प्रत्येक कामाची वही. वही नसेल तर माझा पाठिंबा नाही.

शेवटच्या मुद्द्यावर दोघं-तिघं हसले. "वहीने कुठं माग चालतात का मालक?" एक म्हातारे विणकर मात्र हसले नाहीत. त्यांचा क्रँक शाफ्ट एकदा अण्णांच्या मांडीवरून तसाच परत गेला होता.

पुतण्याने अजून ठरवलेलं नाही. निर्णय त्याचा आहे आणि दागिने त्याच्या घरचे आहेत, मी दबाव टाकणार नाही. केंद्र झालंच तर आठवड्यातले दोन दिवस तिथे बसून नोंदी लिहायचं काम मी मागून घेतलंय, बिनपगारी. तोवर घरीच सुरुवात केली आहे. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि अण्णांच्या हाताखाली शिकलेले गावात जे दोघं उरलेत त्यांच्याकडे रोज संध्याकाळी जाऊन बसतोय. काल डॉबीची सहा पानं झाली. बॉयलरला अजून हात लावायचाय.