हळू चालवून दाखव!

सायकल चालवायला कुणी विसरत नाही म्हणे. मान्य! पण भर ट्रॅफिकमध्ये ती हाताळणं ही वेगळीच चीज आहे. आणि ती शिकायला लाखाची सायकल नाही, सोसायटीचं रिकामं पार्किंग लागतं...

'सायकल येते का?' असं ऑफिसात कुणालाही विचारून बघा. समोरचा असा चेहरा करतो, जणू 'श्वास घेता येतो का?' असं विचारलंय. येते की! चौथीतच शिकलो! मग पुढचा प्रश्न टाका. हँडल न हलवता मागे वळून बघता येतं? ओल्या रस्त्यावर कचकन थांबता येतं? चेन बदलायला झालीय, हे कळतं? इथे मात्र आपली विकेट पडते.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं उदाहरण घ्या. हिंजवडीत आयटीमध्ये. दर रविवारी पहाटे खडकवासला, मूड असेल तर पुढे डोणजेपर्यंत. हेल्मेट, जर्सी, मोबाइलवर अ‍ॅप, सगळा जामानिमा. स्टॅमिना एकदम सॉलिड. २०२४च्या पावसाळ्यात एका चौकात वळताना पुढे रिक्षा थांबली, याने ब्रेक मारला आणि नेमकं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर! कॉलर बोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. आता सायकल त्याच्या बाल्कनीत आहे आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळतात. पाय तयार होते, हात तयार नव्हते.

ही बातमी आमच्या घरी पोचली आणि आईने फर्मान काढलं, 'तुझीही सायकल बंद.' आता मी पडले फ्रीलान्सर. कोथरूडहून डेक्कन, डेक्कनहून पेठा, तिथून परत. माझी सगळी कामं सायकलवर. पेट्रोल नाही, पार्किंगचं टेन्शन नाही, आणि संध्याकाळी कर्वे रोडवर गाड्यांच्या आधी मी पोचते. सायकल बंद म्हणजे महिन्याचं बजेट कोलमडलं. वाद रंगणार, एवढ्यात बाबा पेपरमागून म्हणाले, 'बंद कशाला? आधी तिला हळू चालवून दाखवू दे.'

बाबांनी तीस वर्षं कसबा पेठ ते खडकी, दारूगोळा कारखान्यापर्यंत सायकल मारलीय. पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हाची ही माणसं. त्यांच्या शब्दाला आमच्या घरात या एका विषयात तरी वजन आहे.

गॅदरिंगचा फंडा

शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकलिंगची स्पर्धा आठवते? जो शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. बाबांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खडूने दहा मीटरची पट्टी आखली. मी ती अकरा सेकंदांत पार केली. चौसष्ट वर्षांच्या बाबांनी माझ्याच सायकलवर तीस सेकंद घेतले. तेही वॉचमनशी गप्पा मारत!

गंमत म्हणून नाही हं. ट्रॅफिकमध्ये आपण बराच वेळ चालण्याच्या स्पीडने सरकत असतो. नळ स्टॉपला दोन बसच्या मधे सायकल डगमगली तर काय होईल, हे सांगायला नको. हळू चालवायची युक्ती अशी: कोपर सैल, पायडलवर हलका दाब चालू, मागचा ब्रेक किंचित लावलेला आणि नजर चाकावर नाही, लांब समोर. सायकल नजरेमागे जाते. खड्ड्याकडे टक लावून बघाल, तर खड्ड्यातच जाल!

दुसरा धडा मागे बघण्याचा. मान उजवीकडे वळली की सायकलही गुपचूप उजवीकडे ओढ घेते, म्हणजे थेट मागून येणाऱ्या गाडीसमोर. उपाय सोपा. उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायचा. खांदा मोकळा होतो आणि हँडल सरळ राहतं. मी खडूच्या रेघेवरून जायचे, बाबा मागून बोटं दाखवून ओरडायचे, 'किती?' तीन रविवार लागले. आता लेन बदलण्याआधी मी मागच्या कारवाल्याच्या डोळ्यांत बघते. आणि खरं सांगते, माणसाने माणसाकडे बघितलं की गाडी बऱ्याचदा हळू होते.

पुढचा ब्रेक, एक गैरसमज

'पुढचा ब्रेक दाबू नकोस, कोलांटी खाशील!' हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. प्रत्यक्षात ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं, पुढचं चाक रस्ता घट्ट धरतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. कोरड्या रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागू शकतं. म्हणून दोन्ही ब्रेक, पण झटका न देता दाब वाढवत न्यायचा. कंबर सीटवर मागे, हात ताठ नाही पण घट्ट. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवीकडचा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. तुमचा कुठला, ते आजच दाबून बघा.

पावसात नियम बदलतो. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, म्हणून ब्रेक आधीच सुरू करायचा. रंगवलेले पट्टे, गटाराची झाकणं, फ्लायओव्हरचे लोखंडी जॉइंट यांवरून सरळ जायचं. तिथे ना वळायचं, ना ब्रेक मारायचा. मित्राच्या बाबतीत वळण, पट्टा आणि ब्रेक, तिन्ही एकाच क्षणी जमून आले होते. स्टॅमिनाचा इथे काय उपयोग?

वळणाचंही तसंच. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळताना बाहेरच्या बाजूचं पायडल खाली, म्हणजे आतलं रस्त्याला घासत नाही. स्पीडब्रेकर आला की दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे वाकवून सीटवरून उठायचं. सायकलला खालून उडू द्या, तुम्ही उडू नका.

अर्ध्या सुताची गोष्ट

रायडिंगनंतर गॅरेज. बाबांचा मंत्र तीन शब्दांचा: हवा, ब्रेक, चेन. निघण्याआधी एका मिनिटात होतो. टायरमध्ये किती हवा हवी, ते टायरच्याच कडेला छापलेलं असतं. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये, आणि ब्रेकच्या रबरातल्या खाचा बुजल्या की रबर बदलायचं. चेनला तेल घालताना धार सोडायची नाही. प्रत्येक जोडावर एकेक थेंब, मग फडक्याने वरचं तेल पुसून टाकायचं. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर ते फक्त धूळ गोळा करतं, आणि धुळीची आपल्याकडे कमी आहे का?

मग बाबांनी कपाटातून स्टीलची फूटपट्टी काढली. कारखान्यातली, कडा झिजलेली. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. म्हणजे चोवीस जोड बरोब्बर बारा इंच. शून्य एका पिनेवर धरायचा आणि चोविसावी पिन कुठे येते ते बघायचं. 'अर्धा सूत पुढे गेली की चेन बदल,' बाबा म्हणाले. अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग! 'एक सूत होईपर्यंत थांबलीस, तर चेन मागचे दातेही खाऊन टाकते. मग खर्च डबल.' माझी पिन अर्ध्या सुताच्या जरा अलीकडे होती. दोन महिन्यांनी बदलली.

पंक्चर काढणंही शिकले. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा शोधायचा, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्यूशन लावून चांगलं सुकू द्यायचं आणि मगच पॅच. सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र त्यानंतरचं: टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा शोधायचा. तो तिथेच राहिला, तर पुढच्या चौकात पुन्हा फुस्स! पहिल्यांदा मला पन्नास मिनिटं लागली, आता पंधरा. रिमचा आउट काढणं मात्र मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यांवर सोडलंय. बाबा नखाने एकेक तार वाजवतात आणि बद्द वाजणारी सैल तार कानानेच ओळखतात. तो कान यायला तीस वर्षं लागत असावीत.

गेली काही वर्षं आमच्या दोघांत बोलणं म्हणजे 'जेवलीस का?' आणि 'माझा रिचार्ज करून दे.' एवढंच. या रविवारांत मला कळलं, की कारखान्याचा भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा कसा सुटायचा, आणि त्या गर्दीत पाय न टेकता सरकण्यावर मित्रांच्या कशा पैजा लागायच्या. स्लो सायकलिंगचं सिक्रेट हे होतं तर! आता बाबांचा गुडघा त्यांना लांब जाऊ देत नाही. फूटपट्टी त्यांनी माझ्या सॅकमध्ये ठेवलीय. परत मागितलेली नाही.

महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. ट्रॅक जरूर मागूया, भांडून मागूया. पण ट्रॅक संपतो किंवा त्यावर कुणाची तरी कार उभी असते, त्या पुढच्या दहा मीटरमध्ये कामाला येतात ते आपलेच हात आणि डोळे.

आईने बंदी उठवल्याचं कधी जाहीर केलं नाही. गेल्या आठवड्यात मी निघताना तिने फक्त मंडईची यादी हातात ठेवली. पावशेर आलं, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, आणि खाली एक ओळ: हवा बघितलीस का?

मग या रविवारी उशिरापर्यंत लोळायचा प्लॅन अर्धा तास पुढे ढकला. एक खडू घ्या, पार्किंगमध्ये रेघ मारा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला स्टॉपवॉच द्या. शेवटचा नंबर आला, तर पार्टी तुमच्याकडून!